एकपृष्ठीय वेब ॲप्लिकेशनमधील राउटिंग

एकपृष्ठीय वेब ॲप्लिकेशनमधील राउटिंग म्हणजे ब्राउझरच्या पत्तापट्टीतील पत्ता आणि पडद्यावर दिसणारे दृश्य यांची सांगड घालणारी व्यवस्था होय. अशा ॲप्लिकेशनमध्ये एचटीएमएल दस्तऐवज एकदाच उतरवला जातो व पुढील सर्व दृश्ये जावास्क्रिप्टच्या साहाय्याने त्याच दस्तऐवजात बदलली जातात. त्यामुळे पारंपरिक संकेतस्थळावर ब्राउझर व सर्व्हर आपोआप पार पाडत असलेली कामे येथे ॲप्लिकेशनला स्वतः करावी लागतात. पत्ता बदलणे, मागे-पुढे जाण्याच्या बटणांना प्रतिसाद देणे, दुवा जतन करता येणे आणि चुकीच्या पत्त्यावर योग्य संदेश दाखवणे ही त्यांपैकी प्रमुख कामे होत. हे काम करणाऱ्या आज्ञावलीच्या भागास राउटर, तर पत्त्याच्या प्रत्येक नमुन्यास राउट किंवा मार्ग असे म्हणतात.

== इतिहास ==
इ.स. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स या सेवा सुरू झाल्या. पृष्ठ पुन्हा न उतरवता माहिती बदलण्याच्या या पद्धतीस जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये 'एजॅक्स' हे नाव दिले. या पद्धतीत दृश्य बदलले तरी पत्ता तोच राहत असे. परिणामी मागे जाण्याचे बटण दाबल्यास वापरकर्ता मागील दृश्याऐवजी संकेतस्थळाबाहेर जाई आणि एखाद्या विशिष्ट दृश्याचा दुवा दुसऱ्यास पाठवणे शक्य होत नसे.

यावर पहिला उपाय म्हणून पत्त्यातील # या चिन्हापुढील भागाचा वापर होऊ लागला. २०१० मध्ये आलेल्या बॅकबोन आणि अँग्युलरजेएस या प्रणालींच्या काळात राउटर हा ॲप्लिकेशनचा स्वतंत्र भाग म्हणून रूढ झाला. एम्बर या प्रणालीने एकात एक बसवलेल्या मार्गांची कल्पना पुढे आणली व २०१४ मधील रिॲक्ट राउटरवर तिचा प्रभाव पडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेक्स्ट या प्रणालीत मार्गांची वेगळी सूची न लिहिता फोल्डर व फाइलींच्या नावांवरून मार्ग ठरतात.

== पत्ता बदलण्याच्या पद्धती ==
=== हॅश पद्धत ===
पत्त्यातील # पुढील भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवत नाही. तो बदलल्यास पृष्ठ पुन्हा उतरवले जात नाही, मात्र ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद होते. राउटर 'हॅशचेंज' ही घटना ऐकून दृश्य बदलतो. या पद्धतीला सर्व्हरवर कोणतीही विशेष मांडणी लागत नाही. मात्र कोणते दृश्य मागितले आहे हे सर्व्हरला कधीच कळत नसल्यामुळे तयार मजकूर पाठवणे त्याला शक्य होत नाही.

=== इतिहास पद्धत ===
एचटीएमएल ५ सोबत आलेल्या हिस्टरी एपीआयमधील 'पुशस्टेट' ही आज्ञा सर्व्हरकडे विनंती न करता संपूर्ण पत्ता बदलते व इतिहासात नोंद करते. 'रिप्लेसस्टेट' ही आज्ञा नवी नोंद न करता चालू नोंदच बदलते. वापरकर्ता मागे किंवा पुढे गेल्यास 'पॉपस्टेट' ही घटना घडते. पुशस्टेट वापरल्याने मात्र ती घडत नाही. म्हणून राउटरला दुव्यावरील टिचकी आणि पॉपस्टेट या दोहोंकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते.

या दोन आज्ञांमधील निवड महत्त्वाची ठरते. शोधपेटीत टाइप होणाऱ्या प्रत्येक अक्षरासाठी नवी नोंद केल्यास मागे जाण्यासाठी तितक्याच वेळा बटण दाबावे लागते. तसेच एका मार्गावरून दुसऱ्या मार्गाकडे वळवताना नवी नोंद केल्यास मागे आलेला वापरकर्ता पुन्हा पुढे ढकलला जातो व तेथेच अडकून पडतो. अशा दोन्ही ठिकाणी रिप्लेसस्टेट वापरणे योग्य असते.

== मार्ग व दृश्यांची रचना ==
ग्रंथालयाच्या एका ॲप्लिकेशनमध्ये /पुस्तके हा मार्ग यादी दाखवतो, /पुस्तके/४२ हा एका पुस्तकाची माहिती आणि /पुस्तके/४२/परीक्षणे हा त्या पुस्तकाची परीक्षणे दाखवतो असे मानल्यास, ४२ हा मार्गातील बदलता भाग होय. मार्गसूचीत तो प्राचल म्हणून नोंदवला जातो व दृश्यास त्याचे मूल्य पुरवले जाते.

वरील तिन्ही मार्ग एकात एक बसवता येतात. बाहेरील दृश्यात शीर्षपट्टी व विषयांची यादी असते, तर आतील दृश्यासाठी त्यात जागा राखलेली असते. माहितीकडून परीक्षणांकडे जाताना केवळ आतील भाग बदलतो. बाहेरील यादी जेथपर्यंत सरकवली होती तेथेच राहते.

नमुन्यांच्या क्रमामुळेही चुका संभवतात. /पुस्तके/नवीन हा पत्ता बदलत्या भागाच्या नमुन्याशीही जुळतो. अँग्युलरमध्ये सूचीत आधी आलेला मार्ग निवडला जातो, त्यामुळे नेमका मार्ग आधी लिहावा लागतो. रिॲक्ट राउटरच्या सहाव्या आवृत्तीपासून अधिक नेमक्या नमुन्यास आपोआप प्राधान्य मिळते. कशाशीही न जुळणाऱ्या पत्त्यांसाठी एक सर्वग्राही मार्ग ठेवण्याची पद्धत आहे.

कोणती बाब पत्त्यात असावी, हा रचनेतील मूलभूत प्रश्न आहे. दुवा पाठवल्यावर दुसऱ्या व्यक्तीस जे दिसणे अपेक्षित असते, उदा. निवडलेले पुस्तक, यादीचे पान किंवा चाळणी, ते पत्त्यात ठेवले जाते. उघडलेली निवडसूची किंवा अर्धवट भरलेला अर्ज यांसारखी क्षणिक स्थिती पत्त्याबाहेर राहते. चाळणी व क्रमवारी यांसाठी सामान्यतः ? या चिन्हापुढील भाग वापरला जातो.

== दृश्य बदलताना येणाऱ्या अडचणी ==
* '''उशिरा आलेले उत्तर:''' वापरकर्त्याने ४२ क्रमांकाचे पुस्तक निवडून लगेच ४३ निवडले आणि ४२ चे उत्तर नंतर पोहोचले, तर पत्ता एका पुस्तकाचा व मजकूर दुसऱ्याचा अशी स्थिती उद्भवते. यासाठी जुनी विनंती रद्द करावी लागते किंवा तिचे उत्तर दुर्लक्षित करावे लागते.
* '''मार्गरक्षक:''' प्रवेश न केलेल्या वापरकर्त्यास अडवणारी तपासणी ही केवळ सोय असते, सुरक्षा नव्हे. ब्राउझरमधील आज्ञावली वापरकर्ता बदलू शकतो. म्हणून प्रत्येक विनंतीची परवानगी सर्व्हरवर तपासणे आवश्यक असते.
* '''विभागलेली आज्ञावली:''' प्रत्येक मार्गाची आज्ञावली गरजेनुसार उतरवल्यास सुरुवात जलद होते. मात्र ॲप्लिकेशन उघडे असताना सर्व्हरवर नवी आवृत्ती आली व जुन्या फाइली काढून टाकल्या गेल्या, तर पुढचा मार्ग उघडत नाही. अशा वेळी पृष्ठ पूर्णपणे पुन्हा उतरवावे लागते.

== सर्व्हरची मांडणी ==
इतिहास पद्धतीत /पुस्तके/४२ येथे असताना पृष्ठ ताजे केल्यास त्या पत्त्याची विनंती थेट सर्व्हरकडे जाते. तेथे त्या नावाची फाइल नसल्याने ४०४ ही त्रुटी येते. हा दोष विकासकाच्या लक्षात अनेकदा उशिरा येतो, कारण मुखपृष्ठावरून सुरुवात केल्यास तो दिसत नाही. उपाय म्हणून सर्व्हर सर्व अज्ञात पत्त्यांसाठी एकच मूळ दस्तऐवज पाठवतो. याचा दुष्परिणाम असा, की अस्तित्वात नसलेल्या पानासाठीही २०० हा यशाचा संकेतांक जातो व शोधयंत्रांची दिशाभूल होते. चित्रे व जावास्क्रिप्ट फाइलींच्या पत्त्यांना या नियमातून वगळणे इष्ट असते.

== देवनागरी पत्ते ==
मराठी विकिपीडियाप्रमाणे देवनागरी पत्ते असलेल्या संकेतस्थळांवर आणखी काही बाबींची काळजी घ्यावी लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट % व दोन अंकाक्षरांनी लिहिला जातो. म्हणजेच एका चिन्हासाठी ९ अक्षरे लागतात. 'पुस्तके' या शब्दात काना-मात्रा व हलन्त धरून ७ चिन्हे असल्याने तो ६३ अक्षरांचा होतो. ब्राउझर राउटरला हे रूपांतरित स्वरूप देतो. तुलनेपूर्वी ते उलगडले नाही, तर मार्ग जुळत नाही.

दिसायला सारखे शब्द आतून भिन्न असू शकतात. 'दऱ्या' मधील अर्धा र हा ऱ व हलन्त यांनी किंवा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिता येतो. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण या दोन रूपांना एक करत नाही. म्हणून काही विकासक पत्त्यात क्रमांक ठेवून शीर्षक केवळ शोभेपुरते जोडतात.

== सुलभता ==
संपूर्ण पृष्ठ बदलल्यास पडदावाचक नवे शीर्षक वाचून दाखवतो. एकपृष्ठीय ॲप्लिकेशनमध्ये हे आपोआप होत नाही. दृष्टिहीन वापरकर्त्याने दुवा निवडल्यावर काहीच ऐकू येत नाही आणि दुवा चालला की नाही हेही कळत नाही. त्यामुळे प्रत्येक मार्गबदलानंतर दस्तऐवजाचे शीर्षक बदलणे, कळफलकाचा केंद्रबिंदू नव्या दृश्याच्या मथळ्यावर नेणे आणि बदलाची घोषणा करणे आवश्यक मानले जाते. नवे दृश्य वरून सुरू व्हावे व मागे आल्यास पूर्वीची जागा मिळावी, हेही राउटरच्या कामात मोडते. दुवे खऱ्या दुव्याच्या घटकानेच लिहिल्यास ते नव्या टॅबमध्ये उघडता येतात व कळफलकाने वापरता येतात.

== टीका व पर्याय ==
शोधयंत्रांना हॅश पद्धतीचा मजकूर वाचता यावा म्हणून गूगलने २००९ मध्ये #! या चिन्हजोडीची योजना सुचवली. फेब्रुवारी २०११ मध्ये ही पद्धत स्वीकारलेल्या गॉकर समूहाच्या संकेतस्थळांवर जावास्क्रिप्टमधील बिघाडामुळे मजकूर दिसेनासा झाला व या पद्धतीवर मोठी टीका झाली. ट्विटरने २०१२ मध्ये #! सोडून सामान्य पत्ते स्वीकारले आणि पहिला मजकूर दाखवण्याचे काम पुन्हा सर्व्हरकडे सोपवले. # पुढील भाग सर्व्हरपर्यंत पोहोचत नसल्याने असे जुने दुवे चालू ठेवण्यासाठी मुखपृष्ठावर जावास्क्रिप्ट कायम ठेवावी लागते. गूगलने २०१५ मध्ये ही योजना मागे घेतली.

त्यानंतर पहिले दृश्य सर्व्हरवर तयार करून पुढील मार्गबदल ब्राउझरमध्ये करण्याची मिश्र पद्धत प्रचलित झाली. २०२२ मध्ये क्रोम ब्राउझरच्या १०२ व्या आवृत्तीत आलेल्या नॅव्हिगेशन एपीआयमुळे सर्व प्रकारचे मार्गबदल एकाच घटनेद्वारे हाताळता येतात. ज्या संकेतस्थळांवर मुख्यत्वे वाचनाचा मजकूर असतो, त्यांना ब्राउझरमधील राउटिंगची गरज नसते. तेथे साधे दुवे व स्वतंत्र पृष्ठे पुरेशी असतात.

== हेही पहा ==
* जावास्क्रिप्ट
* एचटीएमएल
* वेब ब्राउझर
* युनिकोड