अकरा वारांचं शहर

आपल्यापैकी कितीतरी जणींचा मुलगा, दीर नाहीतर जावई छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या, चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला आहे. तिथं नळाला पाणी किती दिवसांनी आलं, ते आपल्याला फोनवर कळतं. पण एकाच शहरात एकाच्या दारात डांबरी रस्ता आणि दुसऱ्याच्या दारात चिखल का, हे आपल्या मुलांना कुणी समजावून सांगत नाही. ते एका खेळातून कसं शिकवायचं, ते आज बघू.

चुना आणि सुतळी घ्या. शाळेच्या मैदानावर आधी एक खरा गुंठा आखा. 33 फूट लांब, 33 फूट रुंद. आपल्या मापात 11 वार, म्हणजे नऊवारीपेक्षा फक्त दोन वार जास्त. मग शेजारी नऊ छोटे चौकोन आखा, तीन-तीनच्या ओळीत, एकमेकांना चिकटून. मुलांचे नऊ गट करा आणि म्हणा, "आपापलं घर मांडा." मुलं चूल, मोरी, देवघर मांडतात आणि कडेपर्यंत जागा भरून टाकतात. आता खेळण्यातली गाडी द्या. हा पाण्याचा टँकर, मधल्या घरी न्या. गाडी अडते. आजारी बाईला बाहेर काढायचं म्हटलं, तरी तीच अडचण.

इथं मुलांना गोष्ट सांगा. सत्तरच्या दशकात शहरात सिडको आली. तिनं आधी रस्ते, गटारी आखल्या, मग घरं बांधली. पण गावाकडून आलेल्या प्रत्येक मजुराला तसं घर परवडलं नाही. मुकुंदवाडी, पुंडलिकनगर, मिसारवाडी अशा भागांत शेताचे तुकडे पडले. तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्यामुळे खरेदीखत होईना, म्हणून व्यवहार बाँड पेपरवर झाले. आधी घर, मग रस्ता. यालाच गुंठेवारी म्हणतात. 2001 साली सरकारनं शुल्क भरून अशी घरं नियमित करण्याचा कायदा केला. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली.

आता मुलांना विचारा, मधल्या घराला वाट कोण देणार? एकट्यानं दिली तर त्याचंच घर लहान होतं. सगळ्यांनी थोडं थोडं सरकायचं ठरलं, तर भार वाटला जातो. मुलं भांडतील. भांडू द्या, आपणही बांधावरून भांडतोच की.

शेवटी अजून एक प्रश्न. घर रिकामं आहे, भाडंही द्यायची तयारी आहे, पण मालक आधी आडनाव विचारतो. चुन्यानं न आखलेली ही रेष कशी पुसायची? उत्तर आपण देऊ नये. मुलांना बोलू द्यावं, कारण उद्या खोली शोधत तीच फिरणार आहेत.

आणि मैत्रिणींनो, घरचं कुणी शहरात जागा घेत असेल, तर दागिना मोडण्याआधी तीन गोष्टी विचारा. खरेदीखत होणार का? रस्ता नकाशात आहे का? नाव कुणाचं लागणार? बाईच्या नावावर घर घेतलं, तर राज्यात 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.

पुढच्या बैठकीला मुलांना घेऊन हा खेळ खेळा. मधल्या घराला वाट कुणी दिली, ते आम्हाला जरूर कळवा.