चहातला वास पानात राहतो कुठे?

तुळशीच्या पानावरून हात फिरला तरी बोटांना वास राहतो. गवती चहाचं पातं मात्र चुरगळल्याशिवाय दाद देत नाही. दोन्ही एकाच आधणात पडतात, पण सुगंध साठवायच्या त्यांच्या जागा अगदी वेगळ्या!

तुळशीचं पान उलटं करून भिंगाखाली धरा. त्यावर चमकणारे बारीक ठिपके दिसतील. त्या तैलग्रंथी. त्या पानाच्या आत नसतात, त्वचेवर बाहेरून बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या माथ्याशी चार पेशी. पुदिन्यात बहुधा आठ. या पेशी तेल बनवतात आणि आपल्याच मेणचट पापुद्र्याखाली साठवतात. तेल साचत जातं तसा पापुद्रा टम्म फुगतो. मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी ही कुपी बोटाच्या दाबानेही फुटते, आणि लवंगेत असतं तेच युजेनॉल आपल्या नाकाशी येतं. पान खायला आलेल्या किड्याचं स्वागतही पहिल्याच चाव्याला याच तेलाने होतं. किती नेमकी जागा निवडली आहे झाडाने!

तुळशीची कोवळी काडीही बोटांत फिरवून पाहावी. ती चौकोनी लागते. चारही कोपऱ्यांत जाड भित्तिकांच्या पेशी असतात, त्यांच्या आधाराने ती ताठ उभी राहते आणि वाऱ्यात लवतेही.

गवती चहा हा ज्वारी आणि उसाचा भाऊबंद. त्याची धार बोट कापते ती कडेवरच्या सिलिकायुक्त सूक्ष्म काट्यांमुळे. तेल मात्र पात्याच्या आत, खास पेशींमध्ये बंद असतं. म्हणून पाती कात्रीने कापून किंवा गाठ मारून आधणात टाकायची. पेशी फुटल्या की सिट्रल सुटतं. लिंबाच्या सालीतही तेच असतं.

आणि आलं? जमिनीत वाढतं म्हणून आपण त्याला सहज मूळ म्हणतो, पण ते खोड आहे. त्याच्यावरची वर्तुळं म्हणजे पेरं, तिथे खवल्यांसारखी पानं चिकटलेली असतात, आणि डोळे म्हणजे कळ्या. घरात पडून राहिलेल्या आल्याला कोंब फुटतात ते तिथूनच. आत पिठूळ पेशींच्या गर्दीत तेल-राळेच्या पेशी विखुरलेल्या असतात. अख्ख्या तुकड्यापेक्षा ठेचलेल्या आल्याचा चहा जास्त झणझणीत होतो, तो या पेशी फुटल्यामुळे.