होमच्या कळीमागचं ॲप

आईच्या जुन्या फोनची रॅम १ जीबी. होमची कळ दाबली की आधी नुसता पडदा दिसायचा, मग एकेक चिन्ह उगवायचं. ‘आता नवाच घ्या,’ असं दुकानात सांगितलं. मी त्याऐवजी किस लाँचर टाकून पाहिला.

होम स्क्रीन हा फोनचा पक्का भाग आहे असं आपण धरून चालतो. अँड्रॉइडमध्ये मात्र तोही एक ॲपच; त्यालाच लाँचर म्हणतात. कळ दाबली की यंत्रणा पाहते, ‘होम’ म्हणून कोणी नाव नोंदवलंय? एकाहून जास्त ॲप असतील तर निवड आपल्याला करता येते. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला तेव्हापासूनची ही मोकळीक, आणि मला ती फार मोलाची वाटते.

आईच्या फोनचं दुखणंही इथेच होतं. मोठं ॲप उघडलं की जागा अपुरी पडते, मग यंत्रणा मागे पडलेल्या लाँचरलाच स्मृतीतून काढून टाकते. परत येताना त्याला चिन्हं, विजेट, सगळा संसार नव्याने मांडावा लागतो.

किसचा संसारच छोटा. एका फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेला हा मोफत लाँचर एखाद्या फोटोहूनही कमी जागा घेतो. पानोपानी चिन्हं नाहीत. खाली एक शोधपट्टी. दोन अक्षरं लिहा, ॲप किंवा नंबर समोर. जे जास्त वापराल ते वर येतं. आई ‘मा’ लिहिते आणि मावशीला फोन लावते.

किसचा कोड सर्वांसाठी खुला आहे, ही गोष्ट मला वेगापेक्षाही महत्त्वाची वाटते. केविन बॅरी यांचा नोव्हा लाँचर २०११ पासून लाखोंचा लाडका. २०२२ मध्ये तो ब्रँच या कंपनीने घेतला आणि २०२५ मध्ये बॅरी स्वतःच बाहेर पडले. मूळ कर्ता गेला, की बंद कोडच्या ॲपचं पुढे काय होणार हे वापरणाऱ्याच्या हाती उरत नाही. खुला कोड दुसरं कोणीतरी उचलू शकतं.

लाँचरने बॅटरी तरुण होत नाही, थांबलेले सुरक्षा अपडेटही सुरू होत नाहीत. बँकेचं ॲप मी त्या फोनवर ठेवलेलं नाही.

किसमधली अलीकडे वापरलेल्या ॲपची यादीही लपवून टाकली. आता पडद्यावर नातीचा फोटो पूर्ण दिसतो. आधी तिच्या कपाळावर कॅलक्युलेटर होता.