मोटारीचा पंखा स्वहस्ते बदलताना

गेल्या पावसाळ्यात बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटात आमच्या मोटारीची पुढील काच आतून धूसर झाली. कळ फिरविली, पण पंखा मुकाच! पाठीमागे एक आजारी आजीबाई होत्या. रुमालाने काच पुशीत, पावलापावलाने आम्ही घाट उतरलो. तो पंखा पुढे आम्ही घरीच बदलला. तो अनुभव वाचकांच्या उपयोगी पडावा.

श्वासातील बाष्प थंड काचेवर जमते. इंजिनाच्या गरम पाण्याने तापलेली हवा हा पंखा काचेवर सोडतो आणि काच निवळते. थंड हवाही तोच पुरवितो.

प्रथम दोष पारखावा. फ्यूज जळला आहे काय, हे आधी पाहावे. पंखा केवळ सर्वांत मोठ्या वेगावरच चालत असेल, तर दोष बहुधा रेझिस्टरचा असतो. पंखा विकत घेण्याची घाई करू नये. कळ पूर्ण फिरवूनही पंख्याच्या जोडणीपर्यंत १२ व्होल्ट पोहोचतात, तरी तो फिरत नाही, असे दिसले तरच पंखा गेला असे समजावे.

मग इंजिन बंद करून किल्ली काढावी व बॅटरीची ऋण तार सोडवावी. एअरबॅग असलेल्या मोटारीत त्यानंतर काही मिनिटे थांबावे आणि पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये. पुष्कळ मोटारींत पंखा डावीकडील सामानाच्या खणामागे असतो. खण उतरवून जोडणीची खिट्टी दाबावी व ती ओढून काढावी. नंतर स्क्रू काढावेत. शेवटचा काढताना पंख्याला खालून हाताचा आधार द्यावा, नाहीतर तो अंगावर येतो.

नवा पंखा जुन्याशेजारी ठेवून आकार, जोडणी व फिरण्याची दिशा ताडून पाहावी. पोकळीतील पाला-कचरा काढावा. आमच्या मोटारीत तर मूठभर सुकी पाने निघाली! स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसतात, म्हणून ते बेताने आवळावेत. शेवटी बॅटरी जोडून सर्व वेग चालवून पाहावेत.

एक इशारा मात्र विसरू नये. फ्यूज पुन्हा जळल्यास अधिक क्षमतेचा बसवू नये. तारा तापून आग लागण्याचे भय असते. अशा वेळी जाणत्या कारागिराकडेच जावे.

आमचे काम दुपारच्या जेवणापूर्वी आटोपले. पुढच्याच आठवड्यात त्याच आजीबाईंना घेऊन आम्ही घाट चढलो. पाऊस तोच होता; काच मात्र स्वच्छ होती.