शीतवाचक मराठी शब्द आणि त्यांची मर्यादा

धाराशिव जिल्हा हा बालाघाटच्या पठारावर वसलेला, मुख्यतः कोरडा व उष्ण असा मुलूख होय. मे महिन्यात येथील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. या मुलखातील मनुष्य सैन्यातील नोकरीनिमित्त लडाखला जातो, अथवा शिक्षणासाठी व उपजीविकेसाठी कॅनडा-जर्मनीसारख्या देशांत जातो, तेव्हा त्याच्या सामानाबरोबर त्याची भाषाही जाते. ती भाषा तेथील थंडीविषयी त्याला काय सांगते आणि काय सांगत नाही, हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. प्रसंगी तो हातापायांचा आणि जीविताचाही ठरतो.

थंडीसंबंधीचे मराठी शब्द एकत्र मांडले असता एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. हुडहुडी, कुडकुडणे, काकडणे, थरथर, दातांची कडकड, अंगावर शहारे येणे, टाचा उलणे, वारा झोंबणे, बोचरी थंडी हे सर्व शब्द व शब्दप्रयोग थंडीचे नव्हेत, थंडी सोसणाऱ्या शरीराचे वर्णन करतात. त्यांतील अनेक अनुकरणवाचक आहेत; शरीराचा कंप व दातांचा आवाज त्यांत जसाच्या तसा उतरला आहे. वाक्यरचनाही याच दिशेची साक्ष देते. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत येतो व थंडी ही कर्तृपदी असते. जी थंडी कुणाला ‘वाजत’ नाही तिच्यासाठी नित्याच्या बोलीत क्रियापद सहसा सापडत नाही.

‘हिव’ या शब्दाचा इतिहासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृत ‘हिम’ या शब्दातील स्वरमध्यस्थ मकाराचा वकार होऊन तो मराठीत आला. ग्राम-गाव, नाम-नाव यांसारखीच ही प्रक्रिया होय. मात्र रूपाबरोबर अर्थही पालटला. जे मुळात आकाशातून पडणारे द्रव्य होते ते मराठीत अंगात भरणारी संवेदना झाले. ‘हिव भरणे’ हा प्रयोग ऋतूपेक्षा ज्वराशी अधिक निगडित आहे आणि मलेरियाला मराठीत ‘हिवताप’ म्हणतात. उष्ण प्रदेशातील माणसाला अतितीव्र थंडीचा अनुभव बहुधा तापातच येत असल्यामुळे हा अर्थबदल स्वाभाविकच म्हटला पाहिजे.

संवेदनेचे शब्द असे विपुल असले, तरी गोठलेल्या पाण्याचे शब्द मोजकेच आहेत. ‘गार’ म्हणजे आकाशातून पडणारा गोठलेला खडा. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीचा तडाखा मराठवाड्यातील शेतकरी विसरलेला नाही. ‘बर्फ’ हा शब्द फारसी. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम. घट्ट गोठलेल्या पाण्यास तेथे ‘यख’ असा निराळा शब्द आहे. मराठीत हा भेद उरला नाही. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून कलकत्त्यास बर्फाचे जहाज आले व पुढे मुंबईसही असा बर्फ येऊ लागला. नंतरच्या काळात यंत्रावर तयार होणारी बर्फाची लादीच सामान्य मराठी माणसाच्या परिचयाची झाली. त्यामुळे त्याच्या मनातील बर्फ प्रथमतः घट्ट, पारदर्शक आणि विकत मिळणारा असतो. गोठलेल्या दवाला तर नित्याच्या वापरातील स्वतंत्र नावच नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात असे घडले की वृत्तपत्रे ‘दवबिंदू गोठले’ असे वर्णनात्मक वाक्य योजतात. हिंदीत यास ‘पाला’ म्हणतात. मराठीत मात्र ‘पाला’ म्हणजे झाडाची पाने.

यावरून मराठी भाषा दरिद्री ठरते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. फ्रांझ बोआस यांनी १९११ साली एस्किमो भाषेतील हिमवाचक शब्दांची जी चार उदाहरणे दिली, त्यांचा आकडा पुढील लेखकांनी वाढवीत नेला, आणि लॉरा मार्टिन यांनी १९८६ साली या अतिशयोक्तीचा समाचार घेतला, हे अभ्यासकांस ठाऊक आहेच. शब्द नसला म्हणजे मनुष्यास वस्तू दिसत नाही असे नाही. प्रस्तुत मुद्दा निराळा आणि अधिक मर्यादित आहे. मराठीतील शीतवाचक शब्द संवेदनेवर उभे आहेत. म्हणून जेथे संवेदना साक्ष देते तेथवर ते उत्तम काम देतात.

इतिहासातील एक उदाहरण याच परिसराच्या जुन्या हद्दीतील आहे. उदगीर व औसा हे तालुके १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात मोडत होते. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या मोहिमेत निजामाचा पराभव केल्यानंतर सदाशिवरावभाऊ मार्चमध्ये परतुडाहून उत्तरेस निघाले. नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत त्यांच्या सैन्याचा तळ पानिपतास होता. दक्षिणेतून गेलेल्या त्या माणसांना उपासमारीबरोबर थंडीही सोसावी लागली. तथापि पानिपतची थंडी ही दख्खनच्या थंडीचेच उग्र रूप होय. ती बोचते, हुडहुडी भरविते, आणि शेकोटीने हटते. तिचे वर्णन करण्यास घरचे शब्द पुरेसे होते.

लडाखची गोष्ट वेगळी. लेह येथे जानेवारीतील रात्री तापमान शून्याखाली १० अंशांहूनही खाली जाते. १९८४ पासून भारतीय सैन्य ज्या सियाचीन हिमनदीवर उभे आहे तेथे ते याहूनही पुष्कळ खाली असते. अशा थंडीत धोक्याची खूण म्हणजे संवेदनेची वाढ नव्हे, तिचा लोप होय. शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली उतरू लागले म्हणजे प्रथम जोराची हुडहुडी भरते. ते आणखी उतरले की हुडहुडी थांबते, बोलणे अडखळते, विचार विस्कळीत होतात. क्वचित रोगी उकडते असे समजून अंगावरील कपडेही काढू लागतो. ‘हुडहुडी थांबली’ हे वाक्य धाराशिवात बरे वाटल्याचे चिन्ह आहे. हिमप्रदेशात, उपचारावाचून थांबलेली हुडहुडी ही मृत्यूची पूर्वसूचना असू शकते.

‘हिमदंश’ या नव्या पारिभाषिक शब्दाचेही असेच आहे. ‘सर्पदंश’ या परिचित शब्दाच्या धर्तीवर तो सहज समजतो. परंतु ‘दंश’ म्हटला की वेदना गृहीत धरली जाते. प्रत्यक्षात बोटे गोठू लागली की प्रारंभीची टोचणी ओसरते व बोटे पांढुरकी, कडक आणि बधिर होतात. दुखणे थांबले हीच तेथे दुखापतीची खूण. ‘शेकणे’ हा घरचा उपायही येथे घातक ठरतो. बधिर झालेल्या हातास विस्तवाची धग कळत नाही आणि तो भाजतो. चोळल्यानेही ऊतींस इजा होते. पुन्हा गोठण्याचा संभव नसेल तेव्हाच तो भाग ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावा, असे वैद्यकशास्त्र सांगते.

उष्णतेशी शरीर एक-दोन आठवड्यांत बऱ्याच अंशी जुळवून घेते. थंडीशी जुळवून घेण्याची त्याची शक्ती त्यामानाने फारच अल्प आहे. तेथे मनुष्य तगतो तो वस्त्र, निवारा आणि शिकलेल्या आचारामुळे. हा आचार पिढ्यानुपिढ्या भाषेतूनच पोहोचतो. लडाखी मुलास तो आईच्या तोंडून मिळतो. परंडा वा उमरग्याहून गेलेल्या तरुणास तो शब्द देऊनच शिकवावा लागतो, कारण घरच्या भाषेत तो साठलेला नाही.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार केला. जाणाऱ्यांस जर्मन भाषा शिकविणे आवश्यकच आहे. त्याबरोबर थंडीची मराठीही सिद्ध करणे अगत्याचे आहे. त्यासाठी अवजड संज्ञा घडविण्याची गरज नाही. पडणाऱ्या भुसभुशीत द्रव्यास ‘हिम’ व घट्ट गोठलेल्या पाण्यास ‘बर्फ’ एवढा भेद जरी कटाक्षाने पाळला, तरी रस्त्यावरील न दिसणाऱ्या निसरड्या थराविषयी ‘हिम नाही, पण बर्फ आहे’ असा इशारा देता येईल. ‘बधिर’ या शब्दास ‘भाजले’ या शब्दाइतकेच गांभीर्य प्राप्त करून द्यावे लागेल. या जिल्ह्यातील गावोगावी हिमप्रदेशात नोकरी करून परतलेले सैनिक आहेत. त्यांच्या बोलण्यातील थंडीचे शब्द पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी टिपून घेतले, तर बोलीविज्ञानाला मौलिक सामग्री मिळेल, आणि पुढे जाणाऱ्यास आपल्याच भाषेत एक गोष्ट वेळेवर कळेल: थंडी वाजते तोवर शरीर झुंजत असते, ती वाजेनाशी झाली की सावध व्हावे.