पिसातला गंधक

यवतमाळ, वणी, पुसद, कुठल्याही गावातल्या चिकन सेंटरच्या मागे पोतंभर ओली पिसं दिसतील. दोन किलोच्या ब्रॉयलरमागे साधारण १०० ते १४० ग्रॅम पिसं निघतात. उकिरड्यावर आतडी दोनचार दिवसांत सडून जातात, पिसं मात्र महिनोन्‌महिने टिकतात.

पिसाचा सुमारे ९० टक्के भाग म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. आपले केस आणि नखंही त्याच कुळातली. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या जोडांनी बांधलेल्या असतात. पीस जाळल्यावर जो उग्र वास येतो, तो बराचसा या गंधकाचा. हे जोड शाबूत असेपर्यंत पाणी आत शिरत नाही आणि पीस बहुतेक जिवाणूंना दाद देत नाही. म्हणून पिसाचं काहीही करायचं तर आधी ठरवावं लागतं, की हे जोड तोडायचे की राखायचे.

तोडण्याची जुनी रीत वाफेची. बंद भांड्यात दाबाखाली पिसं शिजवली, वाळवून दळली, की ८० टक्क्यांहून जास्त प्रथिन असलेली भुकटी मिळते. तिच्यात लायसिन आणि मेथिओनिन कमी, त्यामुळे पशुखाद्यात ती थोडीच मिसळता येते. शिवाय इंधन फार जळतं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) प्रा. अनिरुद्ध पंडित यांच्या गटाने २०२१मध्ये दुसरी वाट दाखवली. आधी ऑक्सिडीकरणाने पिसं कमकुवत करायची, मग ते मिश्रण अरुंद छिद्रातून वेगाने सोडायचं. छिद्रापाशी दाब घटतो आणि पाण्यात बारीक बुडबुडे उठतात. पुढे दाब वाढला की ते फुटतात. त्या क्षणी, त्या सूक्ष्म जागेत, प्रचंड उष्णता आणि धक्का तयार होतो आणि केराटिनचे तुकडे पडतात. हाती येतं अमिनो आम्लांचं द्रावण, म्हणजे द्रवखत किंवा खाद्याचा घटक.

कोरड्या पिसात सुमारे १५ टक्के नत्र असतं. युरियात ४६. आकड्यात पीस हरतं. पण पिसाची भुकटी जमिनीत हळूहळू कुजते, त्यामुळे एका मोठ्या पावसात सगळं नत्र वाहून जात नाही. कोरडवाहू कपाशीला हे सोयीचंच.

जोड राखायचे असतील तर पिसाचा धागा करायचा. अमेरिकी कृषी खात्याच्या वॉल्टर श्मिट आणि सहकाऱ्यांना १९९८मध्ये याचं पेटंट मिळालं. धुऊन वाळवलेलं पीस कातरतात, मग हवेच्या झोताने हलके तंतू जड दांडीपासून वेगळे करतात; जिनिंगमध्ये सरकीपासून रुई सुटते तसंच काहीसं. तंतूंच्या आत पोकळ्या असतात, म्हणून घनता ०.९च्या आसपास, कापसाची १.५. मात्र हे तंतू आखूड. सूत कातण्यापेक्षा ते न विणलेल्या चादरी, गाळण्या आणि उष्णतारोधक थरांना जास्त शोभतात. पिसांपासून प्लास्टिकसारख्या फिल्मही निघतात, पण त्यांतल्या बऱ्याच ओलाव्यात टिकत नाहीत. त्यांचा गाजावाजा मला जरा जास्तच वाटतो.

यवतमाळसाठी माझं मत खताच्या बाजूने. धाग्याला स्वच्छ, रक्तविरहित, एकसारखी पिसं लागतात आणि ती दुकानदुकानांतून मिळणं अवघड. खताला तेवढे लाड लागत नाहीत. अडचण आहे ती पाण्याची. ओल्या पोत्यात पिसांपेक्षा पाणीच जास्त भरतं, आणि ते नागपूर-मुंबईकडे नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं. शिवाय उन्हाळ्यात रक्ताळलेली पिसं काही तासांतच वास मारू लागतात. तेव्हा पिसं शिजवण्याचं भांडं तालुक्यातच हवं, आणि पोती त्याच दिवशी उचलली जायला हवीत.