दमास्कसची सुरी आणि घरची विळी

पेण किंवा रोहा येथील जुन्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चार हत्यारे हमखास सापडतात: पाटावर बसविलेली विळी, नारळासाठी कोयता, लोणच्याची कैरी फोडावयाचा अडकित्ता, आणि फळीवर कोठेतरी पडलेली एक लहानशी सुरी. या सुरीस आजवर फारसा मान नव्हता. अलीकडे मात्र तिची एक श्रीमंत बहीण काही घरांत येऊ लागली आहे. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, डब्यावर ‘दमास्कस पोलाद’ ही अक्षरे, आणि किंमत अशी की तेवढ्यात कित्येक विळ्या याव्यात. ही सुरी खरोखर किती मजबूत आणि किती वर्षे टिकेल, असे आम्हांस अनेकदा विचारले जाते. आमच्याच घरी अशा एका सुरीने नारळ फोडू पाहिला, तेव्हा धारेची नखाएवढी कपची उडाली. तेव्हापासून या प्रश्नात आमचाही थोडा स्वार्थ आहे.

प्रथम नावाचा उलगडा केला पाहिजे. दमास्कस शहर सीरियात असले, तरी ज्या पोलादामुळे तेथील तलवारी गाजल्या ते मुख्यतः हिंदुस्थानातले. तेलंगण, कर्नाटक, तामिळनाडू या भागांत लोखंडाचे तुकडे लाकूड व पाने घालून मातीच्या बंद मुशीत तासन्‌तास तापवीत आणि हळूहळू निववीत. त्यातून मुठीत मावेल एवढा पोलादाचा गोळा निघे. त्यात शेकडा सुमारे दीड भाग कार्बन असे. गोळा जपून ठोकून पाते केले आणि त्यावर आम्ल चोळले, म्हणजे आतल्या कठीण कार्बाइडाच्या ओळी लहरींच्या रूपाने वर दिसत. रोह्याच्या कुंडलिकेच्या मुखाशी जे चौल बंदर आहे, तेथे दहाव्या शतकात अल् मसूदी हा अरब प्रवासी येऊन गेला. त्याच्या भाषेत उत्तम तलवारीस ‘मुहन्नद’ म्हणत, म्हणजे हिंदी पोलादाची.

इंग्रजांनी या पोलादास ‘वूट्झ’ म्हटले. हा कानडी ‘उक्कु’ शब्दाचा अपभ्रंश समजतात. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली मुंबईहून त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले, आणि दुसऱ्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे यानेही स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या करणाऱ्या कारागिरासह या पोलादाचा पाठपुरावा केला. विजेचा हा महर्षी एकेकाळी आपल्या पोलादामागे लागला होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते! दुर्दैवाने खुद्द ही कला एकोणिसाव्या शतकात बुडाली.

तर मग आजच्या डब्यावरचे दमास्कस ते कोणते? ते मुशीतले नव्हे. दोन जातींच्या पोलादांचे थर एकावर एक ठेवून, तापवून, दाबून एकजीव करतात आणि आम्लाने नक्षी उठवितात. एक जात आम्लाने काळवंडते, दुसरी कमी काळवंडते, झाली लहर. ‘सदुसष्ट थर’ असे लिहिलेले असते, त्याचा हिशेब साधा आहे: मधला गाभा एक आणि दोन्ही बाजूंस तेहतीस-तेहतीस. भाजी चिरतो तो गाभा. बाजूचे थर गाभ्यास आधार देतात, पण थर सदुसष्टऐवजी तीन असते तरी धारेच्या कामात फरक पडला नसता. नक्षीची किंमत ही नक्षीचीच किंमत होय.

गंमत अशी की ही रचना आमच्या लोहारास अपरिचित नाही. कुऱ्हाड किंवा कोयता करताना नरम लोखंडात धारेपुरते पोलाद भरण्याची रीत जुनी आहे. आज पुष्कळ ठिकाणी मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांपासूनच कोयते होतात.

टिकाऊपणाचे खरे मर्म पोलादाला ‘पाणी देण्यात’ आहे. लाल तापवून एकदम बुडविलेले पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद तापवून थोडा कठीणपणा सोडावा लागतो. कठीणपणा आणि चिवटपणा ही एका घरात सुखाने न नांदणारी भावंडे आहेत. महाग सुरीचा गाभा रॉकवेल मापाने साठच्या आसपास कठीण असतो आणि धार फार पातळ असते. म्हणून कांदा, टोमॅटो, सुरमईचे मांस ती लोण्यासारखे कापते आणि धारही पुष्कळ दिवस राहते. पण करवंटी, माशाचे डोके, कैरीची कोय यांवर पाते तिरके झाले की कपची उडालीच. कोयता त्यापेक्षा नरम व जाड असतो. तो फार तर बोथट होतो, मोडत नाही.

दुसरा शत्रू गंज. पावसाळ्यातली आपल्याकडची दमट हवा, खारेपाटातला खारा वारा, ओली मासळी आणि कोकम, यांत साधी विळी रात्रीत तांबूस होते. दमास्कसच्या अनेक सुऱ्यांच्या गाभ्यात शेकडा पंधराच्या सुमारास क्रोमियम असते, म्हणून त्या उशिरा गंजतात. गंजतच नाहीत असे मात्र नाही. काम होताच धुऊन, पुसून कोरडी ठेवावी. भांड्यांच्या ढिगात टाकू नये. दगडी पाट्यावर किंवा काचेवर चिरू नये, लाकडी फळीवर चिरावे. घासून घासून नक्षी पुसट झाली तर घाबरू नये. धारेचे त्यात काही जात नाही.

विकत घेताना धारेजवळ पाहावे. खऱ्या थरांच्या सुरीत धारेलगत गाभ्याची साधी पट्टी दिसते आणि तिची वरची कड नागमोडी असते. लहरी जशाच्या तशा धारेच्या टोकापर्यंत गेल्या असतील, आणि प्रत्येक सुरीवर तीच नक्षी असेल, तर ती वरून छापलेली असण्याचा संभव फार. अशा नक्षीचे पैसे देण्यापेक्षा लोहाराकडून चांगली विळी करून घ्यावी, असे आमचे मत आहे.

आमच्या सुरीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. दोन संध्याकाळी निसण्यावर पाणी घालून घासली, तेव्हा कपचीची जागा भरून आली म्हणता येणार नाही, पण धार सरळ झाली आणि पाते एका रेषेने अरुंद झाले. आता ती कांद्याच्या आणि माशाच्या कापांच्या कामी आहे. नारळ पुन्हा कोयत्याकडे गेला.